सीरम चव्वेचाळीस

ग्लासगोत चारलाच अंधार पडतो.
मी प्लेट तिरकी धरते दिव्यापुढे:
शहाण्णव खळगे, तळाशी टर्कीचं रक्त.
जिथे प्रतिपिंडांनी विषाणूचे हात धरून ठेवले
तिथे रक्त खाली बसतं, टिकलीएवढं,
प्लेट कलली की ओघळतं.
जिथे ती हरली तिथे नुसतं पसरून राहतं,
सायीसारखं. हलत नाही.

चव्वेचाळीसचं नाव मला ठाऊक नाही.
पुरुष, पेस्ली, जन्म त्रेसष्टचा,
एवढंच बाटलीवर चिकटवलंय.
अडुसष्टच्या विषाणूसमोर त्याचं सीरम
आठव्या खळग्यापर्यंत तग धरतं.
यंदाच्या विषाणूसमोर
पहिल्यातच साय.

पाच-सहा वर्षांचा असेल तेव्हा.
ब्लँकेट गळ्यापर्यंत, काचेला आतून दव,
आई चमच्याने काहीतरी काळं पाजतेय,
आणि त्याच्या आत कुणीतरी
विषाणूच्या काट्याचं टोक पाठ करून ठेवलं,
पाढ्यासारखं.
अजून तोच पाढा चालू आहे.

काटा मात्र बदलत गेला. फार नाही.
एकशे अठ्ठावन्नाव्या जागी एक साखर आली.
तीही त्याची स्वतःची नव्हे,
ज्या पेशीत शिरला तिच्याच डब्यातली,
निघताना अंगाला फासलेली.
आता प्रतिपिंड जवळ येतं, चाचपतं,
घरचंच दिसतंय कुणी, म्हणतं,
आणि बाजूला होतं.

कुलूपही फोडत नाही तो.
उंबऱ्यावरच्या साखरेला बिलगून बसतो नुसता;
पेशीच त्याला पोटात घेते,
पचवायचं म्हणून भोवती आंबट करत नेते,
आणि त्या आंबटानेच
काट्याची घडी खटकन उलगडते.

मॉराग कोट चढवत विचारते, आकडा?
दहाच्या आत, मी म्हणते.
ती ओठ मुडपते, दिवे मालवत जाते.

माझंही रक्त आहे त्या फ्रीजमध्ये,
कुठल्याशा नंबराखाली.
बार्शीच्या कुठल्या तापाचा पाढा आहे त्यात,
अजून काढून बघितलेलं नाही.

बसमध्ये समोर साठीचा एक माणूस
बाहीत शिंकतो, सॉरी म्हणतो.
ही बस पेस्लीला जात नाही.
तरी मी त्याच्या हातांकडे बघत राहते,
आणि खिडकी
उघडायची की नाही, ते ठरत नाही.