आठ नंबरची जर्सी वाळत घालताना

पासपोर्टवर एत्तोरे स्कार्पारोलो,
आम्ही आठवड्याभरात त्याचा एत्या केला.
मी किटमन. आडनाव तांडेल, राहणार कुलाबा.
होडीवर मात्र कधी टिकलो नाही, उलट्या व्हायच्या.
बापाने ते शेवटपर्यंत माफ केलं नाही.

तो आला तेव्हा पस्तिशी उलटलेली, दाढीत मीठ.
डाव्या गुडघ्यावर दोन व्रण, उजव्यावर एक.
बोट ठेवत सांगायचा:
हा बारीचा, हा वेरोनाचा,
आणि हा एका मूर्ख सोमवारचा, सरावातला.
जुन्या भाड्याच्या खोल्यांचे पत्ते सांगावेत तसा.

सोळा वर्षं, अकरा क्लब.
दुभाषी शाल्मली म्हणाली, त्यातले सहा लोनवर.
मला वाटलं, बिचाऱ्याने कर्ज काढलंय.
नाही हो काका, ती म्हणाली,
त्यालाच कर्जाऊ दिलं होतं.

वरच्या डिव्हिजनमध्ये एकच मोसम.
अख्खं वर्ष बेंचवर, मैदानात एकूण चाळीस मिनिटं.
त्या चाळीस मिनिटांत सत्तावीस पास, सव्वीस पोचले.
सत्ताविसावा कुठे गेला
हे तो मला कुपरेजच्या गवतावर
पाण्याच्या बाटल्या मांडून दाखवायचा.
प्रत्येक वेळी बाटल्या वेगळ्या जागी.

चेंडू यायच्या आधी दोनदा मागे बघायचा.
डावा खांदा, उजवा खांदा.
कुणीतरी हाक मारल्यासारखा.
आमची पोरं हसायची. चेंडू समोर, हा बघतो मागे.
मग चेंडू पायाला लागायचा आणि निघून जायचा,
पाय बदनाम होण्याआधीच.

एकदा पहाटे त्याला ससून डॉकवर नेलं.
तिथेही तेच. डावा खांदा, उजवा खांदा.
हातगाडीवाला ‘बाजू, बाजू’ ओरडायच्या आत
एत्या बाजूला.
बोंबील उचलून विचारतो, याला हाडं आहेत का?
म्हटलं आहेत, पण तो सांगत फिरत नाही.
शाल्मलीला हे इटालियनमध्ये नीट जमलं नसावं,
तो गंभीरपणे मान हलवत राहिला.

तिथेच कळलं, त्याचा बापही मासेमारीतला.
गाव किओज्जा, खाडीच्या तोंडावर.
पोराची मॅच बघायला आयुष्यात एकदाच आला,
नेमका त्या दिवशी पोरगा बेंचवर.
घरी जाताना म्हणाला:
जागा चांगली मिळाली तुला. सगळं दिसतं.

फेब्रुवारीत, शेवटच्या घरच्या मॅचआधी
उत्तरेकडच्या गोलचं जाळं फाटलं.
‘माझ्या गोलने नाही,’ एत्या म्हणाला.
खरंच होतं. मोसमात एकच गोल, तोही ऑफसाइड.
मी घरून बापाची सुई आणली, नायलॉनची दोरी आणली,
खांबाला टेकून बसलो. बसला तोही.
माझ्या तीन गाठी त्याने न बोलता पाहिल्या,
तिन्ही सोडवल्या,
आणि पुन्हा मारल्या.
मी काही म्हटलं नाही.
अगदी असंच करायचा माझा बाप.

एकसष्टाव्या मिनिटाला पाटी वर गेली, लाल आठ.
तो चालत बाहेर आला, घाई न करता.
रेषेपाशी थांबून मागे पाहिलं,
डाव्या खांद्यावरून, उजव्या खांद्यावरून.
मागे कुणी नव्हतं. आमचेच दोन बॅक
थ्रो कुणाचा यावर भांडत होते.
मी टॉवेल दिला. त्याने त्यात तोंड घातलं,
बऱ्याच वेळाने काढलं.

पुढच्या मोसमाचं पत्र आलंच नाही.
नाव उसवून जर्सी आता
नागपाड्याच्या अन्सारला दिली आहे, वय एकोणीस.
उन्हात घातली की जुनी अक्षरं उमटतात,
एवढं लांब नाव, बगलेपासून बगलेपर्यंत.
अन्सार विचारतो, काका, हा कोण होता? मोठा प्लेअर होता?
मी म्हणतो, मागे बघ.
तो वळून जर्सीकडे बघतो.
अरे, मैदानात! चेंडू यायच्या आधी!

जाळं बदलायचं आहे, ऑफिसातून दोनदा माणूस आला.
दोन्ही वेळा सांगितलं,
चावी सापडत नाही.