शून्य पूर्णांक नऊ

आमचं ऑफिस ज्या भागात आहे त्याचं नाव सजा.
मराठीत त्याचा अर्थ काय होतो
हे मी शारजात कुणाला सांगत बसत नाही.

दिवसा मी पगाराच्या चिठ्ठ्या काढते.
चारशे अकरा माणसं, प्रत्येकाची एक ओळ.
रात्री मुवेल्यातल्या खोलीत
त्याच ओळी तपासणारा प्रोग्राम लिहिते.
फुकट, उघडा. कुणीही घ्यावा, कुणीही दुरुस्त करावा.
जादा तास सव्वापट, रात्री दहानंतर दीडपट,
एवढंच तर गणित.
त्याला दोन वर्षं लागली.

०.९ वर अडकून सात महिने झाले.
आधी म्हटलं, मल्याळम अक्षरं तुटताहेत.
पालक्काडच्या शैलजाने ती जोडून दिली.
मग म्हटलं, जुन्या फोनवर उघडत नाही.
ट्युनिसहून ‘झैतून’ नावाच्या कुणी
(बाई की बुवा, अजून माहीत नाही)
एका रात्रीत चाळीस ओळी कापून पाठवल्या.
मग मी बटणाचा रंग बदलला.
मग परत पहिला केला.

खरा दोष एकच उरलाय:
रमजानात कामाचा दिवस दोन तासांनी आखूड होतो,
आणि महिना कधी लागणार
ते चंद्र दिसेपर्यंत ठरत नाही.
हे यंत्राला पटत नाही. त्याला तारीख हवी असते.
मलाही.

गेल्या गुरुवारी खिडकीशी गंगाधर बोईनवाड आला,
बिलोलीकडचा, वेल्डर.
हातात वही, वहीत चिठ्ठी, चिठ्ठीवर माझी सही.
“मॅडम, मोबाईल म्हणायलाय
एकशे अडतीस दिरहम कमी हायत.”
फोनवर माझा ०.९.
कुणी दिला?
“समद्या कॅम्पात हाय की. लई दिस झालं.”

मी हिशेब केला, कॅल्क्युलेटरवर, मग बोटांवर.
एकशे अडतीस.
हे कुणी लिहिलंय ते त्याला ठाऊक नव्हतं.
काचेपलीकडून तो माझे हलणारे ओठ बघत होता.

म्हणजे मी दाराला कडी लावून बसले होते
आणि घराला मागची भिंतच नव्हती.

आता पावणेबारा.
पहिल्या ओळीत माझं नाव आहे, आडनावासकट.
ते नासर साहेब वाचतील. माझा व्हिसा त्यांच्या कपाटात.
हा दोष यादीत कुणी नोंदवलेला नाही.

काय येत नाही ते मी सर्वांत वर लिहिलं:
याला चंद्राचं कळत नाही. दिसला की तारीख हाताने भरा.
एका दिवसात दोन शिफ्ट असतील
तर तुमच्या वहीवर विश्वास ठेवा, यावर नको.
चुकलं तर सांगा.

‘सांगा’पाशी कर्सर बराच वेळ लुकलुकला.
खालून सिमेंटचा टँकर गेला, मांडणीतले चमचे वाजले.
शून्याचा एक केला, नवाचा शून्य,
आणि आडनाव काढू की राहू दे
असं मनात चालू असतानाच
बटण दाबलं गेलं.

सकाळी सातला ऑफिस.
बोईनवाडची ओळ आधी.