पलतडी

पहिला मेपलचा. मधाच्या रंगाचा,
टिचकी मारली तरी सभ्यपणे बोलणारा.
केरोबिननं तो काउंटरवर असा ठेवला
जसा नव्या जावयाला पाट मांडावा.
मी दोन-चार रोल वाजवले. छान.
इतका छान की मला कोलव्याचं स्टेज आठवलं,
ऑस्विनचा अँप, कायम आठवर,
वाऱ्यानं फडफडणारं कापड,
आणि माझा मागचा स्नेअर,
जो चौथ्या रांगेपलीकडे पोचलाच नाही.
"वाजवत होतीस की माश्या मारत होतीस?"
साऊंडवाल्यानं विचारलं होतं, भजी खात.

दुसरा स्टीलचा.
एक फटका,
आणि भिंतीवरच्या सगळ्या गिटारी
आपसात कुजबुजल्या.
केरोबिनच्या चष्म्याची काच थरथरली असावी,
कारण त्यानं तो काढून पुसला.
मी म्हटलं, हा. हाच.
रॉक वाजवतो आम्ही, काका, आरत्या नाही.
(आरत्याही वाजवते. चवथीला, कवळ्याला,
घुमटावर. पण ते बँडला सांगत नाही.)

तिसरा विकायचा नव्हता.
स्टुलाखाली होता, पितळेचा, काळवंडलेला,
साडेसहा इंच खोल, कडेला पोच.
झेफेरिनचा. एकवीस वर्षं तिआत्राच्या पडद्यापुढे
विनोदाला ठप्प, रडण्याला बारीक रोल.
आता तो लेकीकडे, स्विंडनला,
तिथं शेजारी भिंत ठोकतात.
मी वाजवला. कानात घंटा लागली,
थांबेचना.
टेप चिकटवूया का, मी विचारलं,
नाहीतर पाकीट ठेवते वर, सगळेच ठेवतात.

केरोबिननं काठ्या माझ्या हातातून काढून
नातवाच्या हातात दिल्या.
"रॉयडन मारतलो. तू वच गो. रस्त्याच्या पलतडी."

पलतडीला एक बाई बांगडे कापत होती.
तिच्या छत्रीत अर्धी मी, अर्धं ऊन.
रॉयडनला ताल नाही. तो नुसता मारत होता,
खिळा ठोकावा तसा,
क्रमही सांगितला नव्हता कुणी.

एक आला, दुपारच्या बंद दारावर
कुणी संकोचून टकटक केल्यासारखा.
एक आला, ताट पडल्यासारखा:
मान वळली, आणि मग काहीच नाही.
मग कुंकळ्ळीची बस मध्ये आली, हॉर्न दाबून,
आणि तिच्यातून, वरून, खालून, कुठून कोण जाणे,
एक आला.
घंटा तिथंच राहिली होती, दुकानात.
इकडे पोचलं ते फक्त तडकणं,
आणि त्यामागे थोडं पोट.

बाईची सुरी वर थांबली.
"कोण तो?" तिनं विचारलं.
काय नव्हे. कोण.

अकरा वर्षं मी स्वतःला
हातभर अंतरावरून ऐकत आले,
आणि तेवढ्यावरच
जमलं-बिघडलं ठरवत आले.

अठरा हजार. मी चौदा म्हटलं.
केरोबिननं स्विंडनला फोन लावला,
बराच वेळ नुसतं "व्हय, व्हय,"
मग माझ्याकडे बघून: "पंधरा. आनी टेप लावची न्हय."
एक स्क्रू गंजून बसलाय, खारं वारं,
त्याला नारळाचं तेल देत राहा, तो म्हणाला,
उघडेल तेव्हा उघडेल.

स्कूटरच्या पायाशी तो, पोत्यात गुंडाळलेला.
तारांचा खटका बंद करायला विसरले.
बोरीच्या पुलावर प्रत्येक सांध्याला
खर्र,
खर्र,
खाली नदी, पुढे ट्रक, मागे कुणीतरी वैतागलेला.

शनिवारी कुडचड्याला आहे.
दिवे डोळ्यांवर असतात, मला माणसं दिसत नाहीत.
मागे कुठंतरी,
आईसक्रीमच्या गाडीपाशी म्हणा,
कुणी उभं असेल, आमच्याकडे पाठ करून,
सुटे पैसे मोजत.
त्याच्या हातात पहिला ठोका पडेल तेव्हा
मोजणी चुकली
तर बरं.