कपाटाच्या आतल्या बाजूला

दिवसभर मी मार्केट यार्डात फळ्यावर दर लिहिते.
राजापुरी हळद, किमान इतका, कमाल इतका,
खडूनं, ठळक, रस्त्यावरच्या गाढवालाही वाचता येईल असा.
आमचे शेठ सांगतात, पूर्वी रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा.
वर दोघं हवापाण्याच्या गप्पा मारायचे
आणि खाली बोटं बोलायची.
आता तसं नाही, म्हणतात. आता सगळं उघड.

संध्याकाळी पिवळे तळवे घेऊन
शामरावनगरच्या खोलीवर येते
आणि परत रुमालाखाली हात घालते.

एजंट जिन्यातच बोलला होता, आवाज खाली करून:
"मॅडम, एकट्या आहात म्हणून साडेआठ.
वर-खाली कुणाला बोलू नका."
वर-खाली कुणी बोलतच नाही.
पगार विचारतात, वय विचारतात,
लग्न का मोडलं तेही विचारतात इथं;
भाडं विचारलं की दाराला आतून कडी लागते.
तीन मजले, एकाच नकाशाचे,
तिन्ही मोऱ्यांचा उतार चुकीच्याच बाजूला,
भाडी तेवढी तीन.

मालक भूपाल मगदूम वाईट माणूस नाही, हेही लिहून ठेवते.
दिवाळीला डबाभर भडंग पाठवतात.
टाकीत पाल पडली तेव्हा सत्तरीत स्वतः शिडी चढले.
फक्त पावती मागितली की त्यांना कमी ऐकू येतं.
करार अकरा महिन्यांचा.
बारावा महिना कुणाच्या मालकीचा असतो,
मला अजून कळलेलं नाही.

पोह्याच्या डब्याखालचा जुना पेपर बदलताना
कपाटाच्या दाराला, आतून, बिजागरीजवळ
पेन्सिलीचं बारीक अक्षर सापडलं:

    भाडं ६२००. डिपॉझिट वीस हजार, परत मिळाले चौदा.
    रंगाचे कापले. आम्ही आलो तेव्हाही हाच रंग होता.
    पुराचं पाणी कुठवर आलं ते रंगाखाली आहे,
    हात लावून बघा.
    शमीम अत्तार

मी हात लावून बघितला.
खिडकीच्या कट्ट्यावर चार बोटं
भिंत जराशी फुगलेली, घरभर आडवी,
टाक्यांच्या व्रणासारखी.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
खोटंही कुणी बोललं नव्हतं.

शेजारच्या वहिनींचा भाऊ वकील. तो म्हणतो, कायदाच पाहिजे,
आधीचा काय भरत होता ते नव्याला सांगायचं, लेखी, सहीनिशी.
होईल तेव्हा होईल.
शमीमबाईंनी तो अर्ध्या पेन्सिलीत केला होता.

करार नवा करायला मगदूम आले,
मागून अंगठ्याचं मशीन घेऊन एजंट.
मी चहा ठेवला आणि कपाट उघडंच ठेवलं.
त्यांनी चष्मा पुसला. वाचलं. परत वाचलं.
वाटलं, आता ओरडतील, नाहीतर थुंकी लावून पुसतील.
म्हणाले, "अत्तारबाईंचं अक्षर चांगलं हुतं.
शाळंत हुत्या त्या."
चहावर साय धरली.
मग एजंटकडे न बघता, "आठ लिही."

दोन दिवस मी त्या पाचशेच्या आनंदात होते.
तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना उरलेले अठराशे आठवले.

आता तासगावला चालले, बेदाण्याच्या सौद्यांवर.
सामान टेम्पोत गेलं. रंगारी आलाय, दस्तगीर,
बादलीत तोच क्रीम रंग ढवळतोय.
"ताई, कपाटाला आतनं पण मारायचा का?"
मालक आतल्याबद्दल काहीच बोलले नव्हते.
"नको," म्हटलं, "पोह्यांना वास लागतो."
तो भिंतीकडे वळला, फुगलेल्या रेघेवरून
सवयीनं ब्रश फिरवत.

पर्समध्ये यार्डातला खडू होता.
खडू पुसला जातो.
त्याच्या कानामागची पेन्सिल मागून घेतली.