पावती

छेडानगरच्या पुलाखाली माझी पीयूसीची व्हॅन.
नळी सायलेन्सरात खुपसायची,
आकडा वाचायचा, पावती फाडायची.
सहा महिने गाडी निर्दोष.

कुंदा रात्रपाळीला,
जमिनीखाली, मरोळच्या स्टेशनात
हवेच्या जाळ्या धुते.
पहिलं पाणी काळं, दुसरं गंजाच्या रंगाचं.
“ब्रेक झिजतात ना, त्याचं लोखंड,” म्हणते.
सकाळी नाक शिंकरलं
की रुमालावर आख्खं स्टेशन.

काल डबा द्यायला आली,
गंमत म्हणून नळीत फुंकर मारली.
यंत्राने बराच वेळ विचार केला
आणि शून्य दाखवलं.
हसता हसता तिला ठसका लागला,
थांबेचना.
मागे टेम्पोवाला हॉर्न देतोय.

पावती तेवढी निघाली होती,
गाडी नंबरची जागा कोरी.
घडी घालून
खिशात ठेवली.