खोदकामाचं कारण

पिठल्या गुरुवारी रात्री गेला.
शुक्रवारी सकाळी मी फावडं घेऊन निघालो,
तर मधुरा म्हणाली, आधी आठ-एक-एकला फोन कर.
मागच्या वर्षी कोपऱ्यावरच्या एकाने
पत्रपेटीच्या खांबापुरता खड्डा घेतला
आणि अर्ध्या सँडस्कीचा गॅस घालवला.

फोनवरच्या बाईने विचारलं, खोली किती?
म्हटलं, तीन फूट.
खोदकामाचं कारण?
तिच्या यादीत कुंपण होतं, झाड होतं, पोहायचा तलाव होता.
मी गप्प.
मग म्हटलं, कुत्रा.
पलीकडची टकटक थांबली.
'बागकाम' लिहिते, ती म्हणाली. चालेल?
अठ्ठेचाळीस तास. शनिवार-रविवार धरत नाहीत.

म्हणजे मंगळवार.
तोवर पिठल्या शेजारच्या ट्रूडीच्या फ्रीझरमध्ये,
तिच्या नवऱ्याने मारलेल्या हरणाखाली.
जन्मभर हरणांवर नुसताच भुंकला बिचारा.

मंगळवारी डेलबर्ट आला,
हातात यंत्र, कमरेला रंगाचे डबे.
गवतावर ओढत गेला: लाल, वीज. पिवळी, गॅस. निळी, पाणी.
नारिंगी कुठल्याशा जुन्या फोनची, केव्हाच मुकी झालेली.
अकरा वर्षं हप्ते भरतोय या घराचे
आणि पायाखाली कोण कोण नांदतंय
याचा पत्ता नाही.

मी जागा दाखवली. मेपलच्या अलीकडे,
जिथे तो भर जानेवारीत पाय ताणून पडायचा
आणि बर्फही आधी तिथलाच वितळायचा.
आम्ही म्हणायचो, याच्या अंगाची ऊब.
डेलबर्टने गवतातलं एक झाकण बुटाने ठोकलं.
हे माझ्या कामात येत नाही, म्हणाला,
पण तुमच्या न्हाणीची नळी इथूनच जाते.

म्हणजे आत मधुराची आंघोळ चालायची
आणि बाहेर हा तिच्या कढत पाण्यावर झोपायचा.

दोन हात पलीकडे घ्या, डेलबर्ट म्हणाला.
आणि रेघेपासून दीड फूट
यंत्र लावायचं नाही. हाताने. हळू.
हळूच खणलं.
दुसरं कसं खणणार होतो.

पावती दहा दिवसांची होती. झेंडे अजून तसेच आहेत.
काल रात्री बर्फ पडला.
मधुराची आंघोळ झाली तेव्हा मी खिडकीशी होतो.
नळीवर एक पट्टा हळूहळू ओला, मग हिरवा.
त्याच्या दोन हात पलीकडे
बर्फ आहे तसाच.