नाव लावणे

पात्राच्या गोदामात, मागच्या भिंतीला टेकून
एक शिळा अकरा वर्षं उभी आहे.
येणारा-जाणारा तिच्यावर कॉफीचा पेला ठेवतो.
आज तिची पाळी.

सोतिरिस तिला कुशीवर वळवतो.
मी कागद भिजवते, अंथरते, ब्रशने ठोकते,
धुणं बडवावं तसं पण हलक्या हाताने,
खाचाखाचांत कागद बसेपर्यंत.
मग वाळायची वाट. बाहेर बारीला जाणारी बोट भोंगा देते.

लूकिउस ओप्पिउस एपाफ्रास.
पुढची दोन नावं रोमची, इस्त्री केलेली.
तिसरं ग्रीक. गुलाम होता तेव्हा तेवढं एकच होतं,
हाक मारायला पुरेसं.
सुटला त्या दिवशी मालकाचं नाव लावलं
आणि जुनं शेपटासारखं मागे राहिलं.

मालकाचं नव्हे, मालकिणीचं.
ते कळतं एका खुणेवरून. रोमन सी, उलटा कोरलेला,
पाठ फिरवून बसलेली चंद्रकोर.
वाचायचं, 'एका बाईचा'.
कुठल्या बाईचा, ते दगडाला विचारायचं नाही.
रोमच्या बायकांना पहिलं नाव नसेच,
चार बहिणी असल्या तर चारही ओप्पिया,
जेवायला हाक मारली की चौघी उठत असतील.
हसायला मला तोंड नाही.
भाऊ कात्सारोस, मी कात्सारू,
आडनावातच षष्ठी. कात्सारोसची.

शेजारी बायको, ओप्पिया ख्रेस्ते.
नवऱ्याच्या नावावर गोल, मधून आडवी रेघ. गेला.
तिच्या नावावर व्ही. जिवंत आहे.
शिळा तिनेच करवून घेतली, पैसे मोजून,
आणि स्वतःची जागा धरून ठेवली,
बसमध्ये रुमाल टाकावा तशी.
पुढे ती खूण बदलायला कुणी आलं नाही.

मुलगा होता. खाली त्याची ओळ आहे.
लूकिउस ओप्पिउस माक्सिमुस,
लूकिउसचा मुलगा, क्विरीना गणातला.
ग्रीक काही अंगाला लागू दिलेलं नाही.
बापाने नाव लावलं, मुलाने नाव काढलं.
पण कोरणारा गावातलाच,
माक्सिमुसच्या पोटात त्याचा हात घसरला,
तीन आडव्या रेघांचा ग्रीक क्सी.
चुन्याने बुजवला असणार.
चुना केव्हाच पडून गेला.

"एपाफ्रासच्या आधी?" सोतिरिस विचारतो.
आधी म्हणजे?
"विकला त्याच्या आधी. आईने ठेवलेलं."
व्यापारी नावं द्यायचे, मी सांगते,
छोटी, खपणारी.
आईचं कुणी कोरत नसे.

तो कोर्चाहून डोंगर ओलांडून आला एकोणिसाव्या वर्षी.
नाव श्पतिम.
ठेकेदार म्हणाला, हे जिभेला झेपत नाही,
उद्यापासून तू सोतिरिस.
दोन्हींचा अर्थ सुटकेच्याच आसपासचा,
ठेकेदाराला कुठलं ठाऊक.
पगारपत्रकावर सोतिरिस, मुलीच्या शाळेत सोतिरिस.
शुक्रवारी आईचा फोन येतो
तेव्हा तो खापरांच्या फडताळामागे जातो,
आणि फोनमधून ते नाव ऐकू येतं, दोनदा,
ओढ्यापलीकडून मारल्यासारखं.

कागद वाळला. एका कोपऱ्यापासून सोलते.
दगडाकडची बाजू वर धरली की सगळं उलटं,
लूकिउस उलटा, गण उलटा, माक्सिमुस नुसता गोंधळ.
फक्त ती कोर सुलटी झालेली,
बिननावाची बाई
पहिल्यांदा आमच्याकडे तोंड करून.

नोंदवही. शिळेची स्थिती, बरी.
ख्रेस्तेविषयी काय लिहू? दगड म्हणतो तेच लिहिते.
शेवटचा रकाना, काम कुणी केलं.
एवान्थिया कात्सारू, मी लिहिते,
आणि पेन त्याच्याकडे सरकवते.

तो बराच वेळ
टोपण काढत नाही.